मामांचं हनिमून खातं

लग्नाच्या घरात काही माणसं आपोआप नेमली जातात. हुग्गीच्या कढईजवळ कोणी उभं राहायचं, आहेराची वही कोणी धरायची, रुसलेल्या आत्याबाईंची समजूत कोणी काढायची, हे ठरवायला बैठक लागत नाही. अलीकडे आमच्या बसवकल्याणच्या पंचक्रोशीत या कामांत एका खात्याची भर पडली आहे. नवरा-नवरीनं हनिमूनला कुठं जायचं, आणि ते जातील तेव्हा तिथं पाऊस असेल की नसेल, हे सांगण्याचं खातं. हे काम घरातला एखादा फोनवर बोटं फिरवणारा पोरगा करत असेल असं बाहेरच्याला वाटेल. तो करत नाही. ते करतो एक साठीतला मामा, जो आजवर विमानात बसलेला नाही आणि ज्यानं समुद्र पाहिलाय तो कॅलेंडरवर. असा मामा प्रत्येक घराण्यात एक तरी असतो. आमच्या वाट्याला आलेला बी-बियाणांचं दुकान चालवतो, त्यामुळे त्याच्या अज्ञानाला निदान हवामानाचा भक्कम पाया आहे.

गाव त्यांना नक्षत्रमामा म्हणतं. मराठी घरांत ते मामा, कन्नड घरांत मावा, दखनी बोलणाऱ्यांत मामू. लिंगायत असो, मराठा असो की मुसलमान, लग्नाची तारीख निघाली की पोरगं संध्याकाळच्या वेळी दुकानासमोर दुचाकी उभी करतं आणि उगाच तुरीच्या बियाण्याचा भाव विचारतं. मामा ओळखतात. "तुरीचं र्‍हाऊ दे. समुद्र पाहिजे का डोंगर?"

मामांच्या दुकानाच्या भिंतीवर तीन गोष्टी आहेत. सुतळीला टांगलेलं सोलापूरचं दाते पंचांग, एका बियाणे कंपनीचं कॅलेंडर आणि हिंदी महासागराचा नकाशा. पहिल्या दोन वस्तू धंद्याच्या. तिसरी भाच्यानं हैदराबादहून आणून दिली आणि तेव्हापासून मामी त्या भाच्याशी नीट बोलत नाहीत.

आमच्याकडे वर्षाला पाऊस पडतो आठ-नऊशे मिलिमीटर, तोही त्याच्या मर्जीनं. मूग, उडीद, सोयाबीन, तूर, सगळं त्याच्या भरवशावर. रोहिणी लागल्यापासून माणसं नैऋत्येकडं तोंड करून बोलतात. अशा मुलखात जन्म काढलेल्या माणसाला 'पाऊस कुठं येईल' हा प्रश्न जन्मजात कळतो. 'पाऊस कुठं येणार नाही' असं विचारायला माणसं येतील, हे मामांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. सुरुवातीला त्यांना ते अभद्रच वाटायचं. ज्येष्ठ महिन्यात कोरडी जागा शोधत फिरणं म्हणजे दारात आलेल्या पाहुण्याला पत्ता चुकवणं. पण विषयाची गोडी लागली आणि मग मामा थांबले नाहीत.

गिऱ्हाईक कमी असलं की प्रात्यक्षिक होतं. युरियाचं पोतं उभं करायचं, तो भारत. त्याच्या बुडाशी जरा उजवीकडं सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी, ती श्रीलंका. डाव्या अंगाला फरशीवर मुगाचे दाणे ओळीनं ओघळू द्यायचे, ते मालदीव. लांब उजवीकडं, तराजूच्या पलीकडं, तुरीची पुडी, ती थायलंड. आणि फरशीच्या सांध्याची जी आडवी रेघ आहे तिच्याही खाली एक कीटकनाशकाची बाटली, ती बाली. रेघ म्हणजे विषुववृत्त. मग दुकानातला उभा पंखा नैऋत्येच्या कोपऱ्यात ठेवून तीनवर लावायचा.

"हा मोसमी वारा. बघा आता."

पंखा लागताच मालदीव उडून खताच्या पोत्यांखाली जातो. "मे ते ऑक्टोबर मालदीवचं असंच," मामा शांतपणे सांगतात. "आता श्रीलंकेच्या मागं हात धरा. वारा लागूलालाय का?" लागत नाही. "हे त्रिंकोमाली. कोलंबो अन् गॉल भिजूलालेत तेव्हा हे कोरडं. डिसेंबरात पंखा उचलून ईशान्येला ठेवायचा, मग हे भिजतंय, ते कोरडं. बेट एकच, पण दोन बाजूचे दोन पाऊस." तुरीच्या पुडीची कथाही तीच. फुकेतची बाजू मे ते ऑक्टोबर पावसाची. पलीकडं को सामुईला खरा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात. आणि बाटलीजवळ आले की मामांचा आवाज खाली येतो. बाली रेघेच्या पलीकडं, म्हणून तिथं सगळं उलटं. एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा हंगाम, आपली दिवाळी झाली की त्यांचा पावसाळा. "म्हणजे आपण इथं मृगात चाड्यावर मूठ धरूलालाव, तवा तिथं ऊन. देवानं हे बेट खास आपल्या लग्नसराईसाठी ठेवलंय."

"अन् गोवा, मामा?"

गोव्याचं नाव काढलं की मामांच्या चेहऱ्यावर दुकानदार दुसऱ्याच्या मालाबद्दल बोलताना येतो तसा भाव येतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागतो. किनाऱ्यावरचे शॅक उतरवून ठेवलेले. लाल बावटे लावलेले, पाण्यात उतरायचं नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. "समुद्र हाय पण आत जायचं नै. मासे हायत पण धरायचे नैत. नुसतं खोलीत बसून नवरा-बायकोनं काय करावं?"

आतून मामींच्या खोकल्याचा आवाज येतो आणि मामा घाईघाईनं केरळवर सरकतात.

केरळपाशी मात्र मामांची खरी अडचण सुरू होते. मोसमी पाऊस केरळात येण्याची ठरलेली तारीख १ जून. तिथं आला की मग कर्नाटकाची किनारपट्टी, घाट, आणि मजल दरमजल करत जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडं. एका वर्षी एका नवरदेवानं सहज म्हटलं, "मामा, यंदा पाऊस दहा दिवस उशिरा आला तर मुन्नार मस्त होईल." दुकानात खत घ्यायला आलेले तिघे-चौघे शेतकरी एकदम गप्प झाले. मामांनी पंखा बंद केला. "पेरणीच्या तोंडावर असलं बोलू नये, बाळा. तिथं नाही आला तर इथं कुठून येणार?" त्या नवरदेवाला त्यांनी ऑक्टोबरात ऊटीला पाठवलं, आणि तिथं तेव्हाही पाऊस असतो हे सांगायचं मुद्दाम टाळलं, असं लोक म्हणतात. मला ते खरं वाटतं.

मामांच्या नियोजनाचा दुसरा पाया नक्षत्रांचा. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासूचा, पूर्वाचा सुनेचा. ही नावं आमच्याकडं शेतात सर्रास चालतात. मामांनी ती उचलून हनिमूनला लावली. सासूच्या पावसात नव्या जोडप्यानं घराबाहेर पडू नये, पडल्यास बंदरात थांबावं. सुनेच्या पावसात जायला हरकत नाही, तो आपलाच. म्हाताऱ्या पावसात गेलं तर दोघांनाही सर्दी होते. आणि तरणा पाऊस असेल तर भिजलं तरी चालतं, किंबहुना भिजावंच. हे शेवटचं सांगताना मामा पंचांगात डोकं घालतात.

हे सगळं शास्त्र एका बाजूला. दुसऱ्या बाजूला आपलं लग्न. २०२३ साली मामांच्या सख्ख्या भाच्याचं लग्न ठरलं आणि त्यांची दोन्ही पंचांगं, वरची आणि घरातली, एकमेकांना भिडली.

मुलगा हैदराबादला कंपनीत, मुलगी उमरग्याची, म्हणजे महाराष्ट्रातली. सीमा काही फार लांब नाही. लग्न जूनच्या पहिल्या आठवड्यात, ज्येष्ठात. थोरल्या मुलाचं लग्न ज्येष्ठात करत नाहीत, पण हा धाकटा, तेव्हा तो प्रश्न नव्हता. मामांनी बाली काढली. जूनचा दुसरा आठवडा, कोरडा हंगाम, स्वच्छ आकाश. वहीत तीन पानं भरली. विमान शमशाबादहून किती वाजता, कुठं बदलायचं, तिथल्या देवळात जाताना कमरेला काय गुंडाळायचं, सगळं.

लग्न झालं. दुसऱ्या दिवशी जोडीनं तुळजापूर. ते झालंच पाहिजे. मग खानापूरच्या मैलारला खंडोबा. मग मुलाच्या आईचा नवस होता म्हणून गाणगापूर. जाता जाता हुमनाबादजवळ माणिकनगर, वाटेवरच आहे म्हणून. मग घरी गोंधळ. "हनिमूनच्या आधी गोंधळ घालून घ्यावा," मामा म्हणाले, "नंतरचा आपोआप चालू राहतो." पण रजेचे दिवस देवांनी वाटून घेतले. त्यात मुलीचा पासपोर्ट. शाळेत घालताना आजोबांनी नाव एक सांगितलं, आधार काढताना काकानं दुसरं. दोन नावांची एकच मुलगी सिद्ध करेपर्यंत १८ जूनची अमावास्या आली आणि आषाढ लागला.

आषाढात आमच्याकडं नवी नवरी माहेरी जाते. सासू-सुनेनं पहिल्या आषाढात एका उंबऱ्याआड राहू नये म्हणतात. कर्नाटकात, तेलंगणात हे आणखी कडक, आणि आम्ही दोघांच्या मधे, म्हणून आमच्याकडं दुप्पट. नवरी उमरग्याला गेली. मामांनी पंचांग पुढं उलटलं. १८ जुलैपासून अधिक श्रावण. धोंड्याचा महिना, जावयाला बोलावून तेहेतीस अनारसे द्यायचे, तेव्हा त्यानं समुद्रात असून कसं चालेल? १७ ऑगस्टपासून निज श्रावण. पहिली पंचमी, लेक झोक्याला माहेरी. १९ सप्टेंबरला गणपती. २८ तारखेला ते उठले की लगोलग पितृपक्ष; त्यात कोण जाणार? मग नवरात्र, दसरा २४ ऑक्टोबरला. मग मूग-सोयाबीन घरात येणार, दिवाळी, दिवाळसण.

मामांनी पंचांग मिटलं. "आता थेट पाळण्याचंच नियोजन करावं लागंल."

पण हार मानतील ते मामा कसले. त्या रात्री त्यांनी नियमाचा शब्द न् शब्द तपासला आणि दुसऱ्या दिवशी बहिणीच्या घरी, चार म्हाताऱ्या बसलेल्या ओसरीवर, बाजू मांडली.

"आषाढात सासू-सुनेनं एका उंबऱ्याआड राहू नये. बरोबर?"

"हौ."

"मालदीवला पाण्यावर घरं असतात. लाकडी खांबांवर. त्यांना उंबरा असतो का?"

म्हाताऱ्या एकमेकींकडं बघू लागल्या. मालदीवच्या उंबऱ्याबद्दल कुणालाच खात्रीनं काही सांगता येईना.

"नसतो. मी फोटो बघितलाय. खाली डायरेक पाणी. अन् सासू तिथं असती का?"

आज्जींनी आपल्या सुनेकडं, म्हणजे नवरदेवाच्या आईकडं, एकदा पाहिलं. "हिचा भरोसा नै."

एक म्हातारी मात्र हुशार होती. तिनं खरं कारण काढलं. आषाढात दोघं एकत्र राहिली तर पोर ऐन चैत्र-वैशाखात होतं, उन्हाळ्यात बाळंतिणीचे हाल होतात. म्हणून पूर्वीच्यांनी हा नेम घातला. यावर मामा नम्रपणे म्हणाले, "ते माझ्या खात्यात येत नाही, आज्जी. मी फक्त पाऊस बघतो."

तात्या, म्हणजे मुलाचे आजोबा, यांचा आक्षेप मुळातूनच होता. ही सगळी विलायती थेरं. आमच्या वेळी लग्न झालं की दुसऱ्या दिवशी खुरपणी. यासाठी मामांकडं एक खास शस्त्र आहे आणि ते फक्त बसवकल्याणातच चालतं. साधारण नऊशे वर्षांपूर्वी हे गाव चालुक्यांची राजधानी होतं, कल्याण. बसवण्णांचा अनुभव मंटप व्हायच्या आधीची गोष्ट. इथल्या सोमेश्वर तिसऱ्या या राजानं 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ केला. पाच भाग, शंभर प्रकरणं. राज्य कसं मिळवावं इथपासून जेवणात काय असावं इथपर्यंत. आणि शेवटच्या भागात राजानं कोणकोणत्या क्रीडा कराव्यात त्याची यादी. सलिलक्रीडा, म्हणजे पाण्यातली. वालुकाक्रीडा, म्हणजे वाळूवरची. ज्योत्स्नाक्रीडा, चांदण्यातली. झोपाळ्याची वेगळी. प्रेमक्रीडा त्यानंतर. "पाणी, वाळू, चांदणं, झोपाळा," मामा बोटांवर मोजत म्हणाले. "मालदीववाले ह्याचेच पैसे घेतात, तात्या. प्याकेज आपल्या कल्याणात निघालंय. आपण नुसतं वसूल करूलालाव."

तात्यांनी चष्मा काढून पुसला. "राजाला पेरणी नव्हती."

याला उत्तर नव्हतं. त्या वर्षी तर मुळीच नव्हतं. मृग लागला ८ जूनला आणि त्याच दिवशी पाऊस कुठं केरळात पोचला, आठवडाभर उशिरा. अरबी समुद्रातल्या बिपरजॉय वादळानं सगळी ओढ आपल्याकडं घेतली होती. आमच्याकडं मृग कोरडा गेला. आर्द्रातही चार थेंब. मामांच्या दुकानात बियाणं पडून होतं आणि मामा दिवसभर दारात उभं राहून एकाच वेळी दोन प्रार्थना करत होते. बसवकल्याण तालुक्यात लगेच पडावा, आणि मालदीवमधे सहा दिवस थांबावा. दोन्हींकडं जाणारा वारा एकच आहे, हे पंखा लावून सगळ्या गावाला शिकवलेल्या माणसाची ही प्रार्थना.

तारखा ठरल्या त्याला मात्र निमित्त वेगळं झालं. कुठंतरी वाचताना मामांना कळलं की मालदीवच्या लोकांनाही नक्षत्रं आहेत. ते त्यांना नकाई म्हणतात. वर्षाचे सत्तावीस भाग, एकेक तेरा-चौदा दिवसांचा. कोणत्या नकाईत वादळ, कोणत्यात मासे, कोणत्यात होडी काढायची नाही, हे तिथले कोळी त्यावरून ठरवत आले. दोन मोठे हंगाम. नैऋत्येच्या वाऱ्याचा हुल्हंगू आणि ईशान्येच्या वाऱ्याचा इरुवाई. आणि नकाईंची नावं! रोआनू, मियाहेली, अधा, फुनोस, फुस, पुढं मा, फुरा, उथुरा, अथा. मामा ती यादी फोनवर धरून काउंटरच्या बाहेर आले. समोर कीटकनाशक मागायला आलेला शेतकरी होता. त्याला हाताला धरून मामांनी विचारलं, "रोआनू म्हणजे काय?"

"काय की."

"रोहिणी! अधा म्हणजे आर्द्रा. फुस म्हणजे पुष्य. मा म्हणजे मघा. अरे, समुद्राच्या मधी बसून हे लोक आपलंच पंचांग वाचूलालेत!" त्या दिवशी मामांनी त्या शेतकऱ्याकडून कीटकनाशकाचे पैसे घेतले की नाही ते त्यांना आजही आठवत नाही. मला विचाराल तर मामांना परदेश पहिल्यांदा आवडला तो या दिवशी. तोवर ते नुसतं अंतर होतं. आता तिथं नातेवाईक निघाले होते.

फुनोस म्हणजे पुनर्वसू. ६ जुलै ते १९ जुलै. तरणा पाऊस. आषाढ १७ जुलैपर्यंत. पुष्याचा म्हातारा सुरू व्हायच्या आत परत. पावसाळी हंगाम, म्हणून दर कमी. व्हिसा तिथं उतरल्यावर फुकट. सगळ्या बाजूंनी गाठ बसली. "एखादी सर येईल," मामा भाच्याला म्हणाले, "पण तरणी येईल."

पुढचं खातं मामींचं. मामींनी शेंगापोळ्या केल्या, ज्वारीच्या कडक भाकरी बांधल्या, शेंगाची चटणी दोन डब्यांत भरली, एक डबा फुटला तर म्हणून. तिथं सकाळी चपातीच असते, तिला रोशी म्हणतात आणि तिच्याबरोबर नारळ घातलेला मासा असतो, हे मामांनी सांगितल्यावर मामींनी आणखी एक डबा वाढवला. तुळजाभवानीची छोटी मूर्ती ठेवली ती मामांनी काढायला लावली. पूजेच्या मूर्ती त्या देशात नेता येत नाहीत. मामी दिवसभर घुश्शात. "देवीशिवाय पाण्यावर झोपवणार लेकरांना." मग मामांनी स्वतःच्या दुकानातली एक ताडपत्री, नवी कोरी, घडी करून बॅगेत ढकलली. पाण्यावरच्या महागड्या घराला ताडपत्री लागत नाही असं भाच्यानं सांगून पाहिलं. मामा म्हणाले, "सोयाबीनच्या गंजीला पण असंच वाटतं."

खरं तर मामींचं या सगळ्या खात्याबद्दल एक स्पष्ट मत आहे आणि त्या ते पाहुण्यांसमोरच सांगतात. "साऱ्या दुनियेला समुद्र दाखवूलालेत. मला अजून नारायणपूरचं देऊळ दाखवायचेत." नारायणपूर बसवकल्याणला लागूनच आहे. मामा यावर म्हणतात की त्या देवळाला योग्य हंगाम अजून सापडला नाही.

जोडपं गेलं. मामांनी दोन दिवस सभ्यपणे कळ काढली. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला दुकानातून फोन लावला. बाहेर आकाश घासून ठेवलेल्या परातीसारखं. दारात सहा-सात शेतकरी, नुसतेच बसलेले.

"कसं हाय?"

"मामा, पाऊस पडूलालाय." भाच्याचा आवाज पडलेला होता. "रात्रीपासून. बाहेर निघता येईना. तुम्ही तर म्हणलता एखादी सर…"

मामांनी फोन स्पीकरवर टाकला. "परत बोल. मोठ्यानं."

"लई पाऊस पडूलालाय!"

दारातली माणसं उठून आत आली.

"जोर किती?"

"छपरावर दगड पडल्यागत आवाज येऊलालाय."

"वारा कुठून कुठं?"

थोडा वेळ शांतता. मागं पाण्याचा आवाज. भाच्यानं बहुधा खिडकी उघडली. "समुद्राकडून… म्हणजे सगळीकडंच समुद्र हाय, मामा. पण तुमच्याकडं वाहूलालाय, वाटतंय. ईशान्येला."

"येऊलालाय!" मामांनी काउंटरवर हात आपटला. एकानं तिथल्या तिथं सोयाबीनच्या दोन पिशव्या बांधायला सांगितल्या. भाचा पलीकडून काहीतरी तक्रार करत होता, पोहायचं राहिलं, होडी रद्द झाली, मासे दाखवायचे पैसे आधीच भरलेत. मामा म्हणाले, "तू दार लावून घे अन् निवांत बस. अन् रोज दहाला फोन कर. विसरू नको, माणसं थांबत्यात."

पुढचे तीन दिवस सकाळी दहाला दुकानात गर्दी. ढग किती काळे, वारा पडला की नाही, रात्री गडगडलं का. एकानं विचारलं, तिथं बेडूक ओरडूलालेत का. दुसरा दखनीत म्हणाला, "मामू, उनको बोलो, बंद नक्को होने दो." चौथ्या दिवशी फोन नवरीनं घेतला. आवाज अगदी मर्यादेतला, पण उमरग्याचा.

"मामा, आम्ही हनिमूनला आलाव का वेधशाळेत?"

मामांनी स्पीकर बंद केला. गर्दी पांगली. म्हणे त्या दिवसापासून त्या मुलीबद्दल घरात जरा आदरानं बोललं जातं.

जुलैच्या उत्तरार्धात आमच्याकडं पाऊस झाला, चांगलाच झाला. मोसमी वाऱ्याच्या हिशेबानं तो कुठून आला, बंगालच्या उपसागरातून की कसा, हे सांगता येतं. पण गावात कुणाला त्याची गरज वाटली नाही. पोरांनी पाठवला, एवढं पुरे. अडचण ऑगस्टात झाली. त्या वर्षीचा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. एल निनो. मघा आल्या आणि वरती बघत बसायची वेळ आली. सोयाबीन फुलात होतं. तेव्हा चार शेतकरी मामांच्या दुकानात आले, गंभीर चेहऱ्यानं, आणि म्हणाले, "त्या दोघांना परत धाडा की. वर्गणी काढताव."

मामांनी पंचांग पाहिलं. "सध्या सासूचा पाऊस हाय," ते म्हणाले. "अन् पोरगी पंचमीला माहेरी जाणार."

वर्गणीचा विचार खरोखर किती पुढं गेला होता याबद्दल दोन मतं आहेत. भाच्याच्या मते दोन्ही तिकिटांचं निघालं असतं. त्याची बायको मात्र म्हणते की एकट्या भाच्याला पाठवलं असतं तरी गावाचं काम भागलं असतं.

तुळशीचं लग्न झालं आणि नोव्हेंबरअखेर पुन्हा मुहूर्त सुरू झाले. हा खरं तर सुखाचा हंगाम. ना मृग, ना आषाढ, ना पेरणी. मालदीवला इरुवाई लागण्याच्या बेतात, गोव्याचे शॅक उभे, केरळ निवळत आलेलं, फुकेतला कोरडं सुरू. दर दुप्पट, पण आकाश निळं. एक मुलगा अंदमानला जायचं ठरवूनच आला होता, तारखेसकट, तिकिटासकट; विचारायला म्हणून नव्हे, नुसता सांगायला. मामांनी वही उघडली. काय लिहावं कळेना. नकाशाकडं पाहिलं, पंचांगाकडं पाहिलं. कुठं भिजायचा धोका नाही, कुठला वारा अडवायचा नाही, कुणाच्या उंबऱ्याची भानगड नाही. पाऊसच नसेल तर माणसानं टाळायचं काय? मुलानं सहज म्हणून विचारलं, "ठीक हाय ना, मामा?" मामांनी उदासपणे मान हलवली आणि त्याला सेल्युलर जेल बघून ये म्हणाले.

त्याची दुचाकी सुरू होते न होते तोच मामांच्या फोनवर हवामान खात्याची सूचना आली. दक्षिण अंदमान समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र. त्याचं पुढं काय होणार ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याचं मिचाँग वादळ झालं आणि चेन्नई पाण्यात बुडाली. मामांनी सूचना दोनदा वाचली. चेहरा उजळला. चप्पल न घालता ते रस्त्यावर धावले, दुचाकीच्या मागं.

"थांब बे! तिथं काहीतरी शिजूलालंय!"

पोरानं गाडी वळवली. "मग जायचं का नै, मामा?"

"गडबड करू नको. आधी त्याचं बारसं होऊ दे."